वत्सलाबाईंचे नाव कशासाठी घ्यावे?

मंत्र्याच्या पत्नीचे स्मरण करण्याची आपल्याकडे एक ठरावीक रीत पडून गेली आहे. ती पतीच्या पाठीशी खंबीरपणे उभी राहिली, तिने आल्यागेल्याचे अगत्याने केले, सत्तेचा वारा तिने स्वतःला लागू दिला नाही, अशी चारदोन वाक्ये बोलली जातात. पतीच्या तसबिरीशेजारी तिची तसबीर लागते, आणि एखाद्या शाळेला वा महाविद्यालयाला तिचे नाव दिले की समाज आपल्या ऋणातून मोकळा होतो. या गौरवात खोटे काही नसते. पण ज्याच्यासाठी गौरव व्हायला हवा ते नेमके त्यातून वगळलेले असते. महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या पत्नी वत्सलाबाई नाईक यांच्या स्मरणाबाबत हेच घडले आहे. समाजवादी विचाराच्या माणसांनी तरी ही रीत मोडली पाहिजे, कारण वत्सलाबाईंच्या आयुष्यातील सर्वांत मोठी राजकीय कृती त्या मंत्र्याच्या पत्नी होण्याच्या अकरा वर्षे आधीच घडलेली होती.

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्याच्या फुलसावंगीसारख्या गावातून हा प्रश्न पाहिला म्हणजे तो अधिक स्पष्ट दिसतो. हा पैनगंगेच्या खोऱ्यातील मुलूख. एका अंगाला पुसद, नदीपलीकडे माहूरचा गड, शिवारात कापूस, ज्वारी आणि तूर, आणि गावांच्या आसपास बंजारा समाजाचे तांडे. इथल्या शेतकऱ्याला मुंबई फार लांब. राज्यसत्ता म्हणजे काय हे त्याने पाहिले ते पुसदच्या नाईक घराण्याच्या रूपाने. पुसद तालुक्यातील गहुलीच्या तांड्यात १९१३ साली जन्मलेले वसंतराव ५ डिसेंबर १९६३ रोजी मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या पदावर राहिले. पुढे १९९१ ते १९९३ या काळात त्यांचे पुतणे सुधाकरराव मुख्यमंत्री होते. वसंतरावांचा जन्मदिवस, १ जुलै, राज्यभर कृषी दिन म्हणून पाळला जातो. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. वत्सलाबाईंचे नाव आहे ते पुसदच्या महिला महाविद्यालयाला. फुलसावंगीच्या परिसरातील मुली बारावीनंतर शिकायला बाहेर पडतात तेव्हा पुसद हे त्यांचे जवळचे शहर. तेथील पाटीवरचे हे नाव कोणाचे, एवढे त्यांना सांगितले जाते. ते नाव कशासाठी लक्षात ठेवायचे, हे मात्र सांगितले जात नाही.

१९४१ सालचे पाऊल

वत्सलाबाई माहेरच्या घाटे. नागपूरच्या ब्राह्मण कुटुंबातील. वसंतराव नागपूरला मॉरिस कॉलेजात शिकले, १९३८ साली पदवीधर आणि १९४० साली वकील झाले. त्या काळी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला होता, आणि तांड्यातील एखाद्या मुलाला उच्च शिक्षण घ्यायचे तर नागपूर गाठावे लागे. तेथे या दोघांचा परिचय झाला आणि १९४१ साली, विरोध पत्करून, त्यांनी विवाह केला.

आज हे वाक्य सहज लिहिता येते. १९४१ साली त्याचा अर्थ काय होता हे मात्र समजून घेतले पाहिजे. ब्राह्मण मुलगी आणि बंजारा मुलगा यांचा विवाह हा धर्मशास्त्राच्या भाषेत प्रतिलोम विवाह. वरच्या मानलेल्या वर्णातील पुरुषाने खालची मानलेली स्त्री केली तर शास्त्र थोडीफार सवलत देत होते. स्त्रीने तसे केले तर मुळीच नाही. आणि हे केवळ पोथीतले वचन नव्हते. इंग्रजी अमदानीतील न्यायालयेही हिंदू विधीने झालेला प्रतिलोम विवाह अवैध ठरवीत असत. विवाह अवैध म्हणजे पत्नी ही पत्नी नव्हे आणि मुले ही औरस नव्हेत. आर्य समाजाच्या पद्धतीने लागलेल्या विवाहांना १९३७ च्या कायद्याने संरक्षण दिले होते. दुसरा मार्ग १८७२ च्या विशेष विवाह कायद्याचा. त्यात १९२३ साली दुरुस्ती होऊन भिन्न जातींच्या हिंदूंना आपला धर्म न नाकारता नोंदणी विवाह करता येऊ लागला. परंतु असा विवाह करणारा हिंदू त्या क्षणी एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असे कायदा मानीत असे, आणि तो एकुलता एक मुलगा असेल तर त्याच्या बापाला दुसरा मुलगा दत्तक घेण्याची मुभाही कायद्यानेच देऊन ठेवली होती. ज्याने जात ओलांडली तो घराला मेला, असे समाज म्हणत होता आणि कायदा त्याची री ओढत होता. भिन्न जातींच्या हिंदूंचे विवाह सरसकट वैध ठरविणारा कायदा झाला तो १९४९ साली, म्हणजे हा विवाह होऊन आठ वर्षे लोटल्यावर.

दुसरी बाजू समाजाची. बंजारा समाजाची नोंद महाराष्ट्रात आजही विमुक्त जातींत होते. विमुक्त हा शब्दच सांगतो की काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा एक कायदा या देशात होता. तो रद्द झाला १९५२ साली. १९४१ च्या नागपुरातील उच्चवर्णीय घराच्या दृष्टीने तांडा म्हणजे वस्तीबाहेरचे जग होते. त्याची बोली वेगळी, पेहराव वेगळा, अन्न वेगळे. त्या जगात सून म्हणून जाण्याचा निर्णय एका मुलीने घेतला. तेव्हा तिच्यापुढे मंत्रिपद नव्हते, बंगला नव्हता, मोटार नव्हती. होता तो नुकताच वकील झालेला तरुण. अमरावतीस पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली वकिलीचे धडे घेऊन त्याने पुढे पुसदला व्यवसाय मांडला. ज्याला नंतर सारा महाराष्ट्र नमस्कार करणार होता त्याच्याशी लग्न करण्यात धाडस नसते. ज्याला तिचे स्वतःचे आप्त नमस्कार करणार नव्हते त्याच्याशी लग्न करण्यात ते होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या प्रबंधात आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय असल्याचे प्रतिपादन केले. डॉ. राममनोहर लोहियांनी तर पुढे अशी सूचना मांडली की, सरकारी नोकरीसाठी द्विज आणि शूद्र यांच्यातील विवाह ही एक पात्रता मानावी. जात आणि स्त्रीची गुलामगिरी हे दोन तुरुंग एकमेकांच्या भिंतीला टेकून उभे आहेत, एक पाडल्याखेरीज दुसरा पडत नाही, हा लोहियांच्या मांडणीचा गाभा. वत्सलाबाईंनी हे प्रबंध वाचून लग्न केले असे कोणी म्हणणार नाही. पण विचारवंत जे मांडतात ते समाजात उतरते अशाच माणसांच्या निर्णयांतून, आणि त्यांची किंमतही तीच माणसे मोजतात.

तेवीस वर्षांचे बिनपगारी पद

१९५२ साली वसंतराव जुन्या मध्य प्रदेशात उपमंत्री झाले. १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात मंत्री, १९६० नंतर महाराष्ट्रात महसूलमंत्री, १९६३ पासून मुख्यमंत्री. १९५२ ते १९७५ अशी तेवीस वर्षे वत्सलाबाई मंत्र्याच्या पत्नी होत्या. पुसदहून नागपूर, नागपूरहून मुंबई. मंत्री असताना नाईक कुटुंब मुंबईत ज्या 'वर्षा' बंगल्यात राहत होते तेथेच ते मुख्यमंत्री झाल्यावरही राहिले, आणि तेव्हापासून तो बंगला मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान म्हणून ओळखला जाऊ लागला. म्हणजे महाराष्ट्राच्या सत्तेचा जो पत्ता आज प्रत्येकाला पाठ आहे, तो एका चालत्या संसाराचा पत्ता होता म्हणून ठरला.

या तेवीस वर्षांत मंत्र्याच्या कामाची नोंद सरकारी दप्तरांत झाली, त्याच्या भाषणांचे वृत्तांत छापले गेले, त्याला वेतन मिळाले. मंत्र्याच्या घराची नोंद कोठेही नाही. मतदारसंघातून आलेला माणूस आधी घराच्या दारात येतो. त्याला चहा मिळतो की नाही, त्याचे ऐकून घेतले जाते की नाही, यावर त्याचे राज्यसत्तेविषयीचे मत बनते. हे सारे राज्यकारभाराचेच काम आहे. फक्त ते करणाऱ्या व्यक्तीला पद नसते, वेतन नसते आणि नकार देण्याचा अधिकारही नसतो. मंत्र्याच्या पत्नीचे कौतुक करताना 'तिने कधी काही मागितले नाही' असे म्हणतात. समाजवादी माणसाने या वाक्यापाशी थबकले पाहिजे. जिने काही मागितले नाही तिचे कौतुक हे पुष्कळदा जिला काही द्यावे लागले नाही त्या समाजाचे समाधान असते.

हे दुःख एकट्या वत्सलाबाईंचे नाही. यशवंतराव चव्हाणांच्या पत्नी वेणूताई यांचा विवाह १९४२ सालच्या जूनमधला. पती भूमिगत, आणि काही महिन्यांतच नव्या नवरीला अटक झाली. पुढची चाळीस वर्षे त्यांचे वर्णन 'यशवंतरावांची सावली' असेच होत राहिले; तुरुंगाची पायरी चढलेल्या त्या तरुणीला सावलीत बसविण्यात आले. याउलट प्रमिला दंडवते यांचे उदाहरण आहे. मधू दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले, पण प्रमिलाताईंची ओळख त्याआधीच घडलेली होती. त्या मुंबई महापालिकेत निवडून आल्या होत्या, महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या, आणीबाणीत पती बंगळूरच्या तुरुंगात असताना त्या स्वतः येरवड्यात स्थानबद्ध होत्या. १९८० साली त्या लोकसभेवर गेल्या आणि हुंडाबंदीचा कायदा कडक व्हावा म्हणून त्यांनी खासगी विधेयक आणले. २००१ च्या अखेरीस त्या गेल्या तेव्हा त्यांना कोणी माजी मंत्र्याची पत्नी म्हणून ओळखले नाही. फरक व्यक्तींच्या कुवतीचा नव्हता. एका चळवळीने आपल्या स्त्रियांना स्वतःचे व्यासपीठ दिले होते. सत्ताधारी पक्षाने आपल्या नेत्यांच्या पत्नींना दिवाणखाना दिला.

विरोधकांनीही मान्य करावे असे

वसंतरावांच्या राजवटीशी समाजवाद्यांचे वैर होते आणि ते लपविण्याचे कारण नाही. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फासावर द्या, अशी घोषणा वसंतरावांनी १९६५ साली पुण्याच्या शनिवारवाड्यावर केली होती. त्यानंतर १९७२ चा दुष्काळ आला आणि खेड्यापाड्यांतील माणसे खडी फोडून सुकडीवर जगली. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि प्रमिला दंडवते यांच्या महिला आघाडीने तेलातुपासाठी, साखर-रॉकेलसाठी याच सरकारला जेरीस आणले. कामगार चळवळीला शह देण्यासाठी शिवसेनेला अभय दिल्याचा आरोप याच मुख्यमंत्र्यांवर झाला. तो हिशेब इतिहासात कायम राहील. त्याच काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना राज्यभर गेली, कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली, आणि संकरित ज्वारी शिवारात आली, हेही त्याच हिशेबाच्या वहीत आहे.

पण पतीच्या राजवटीचा हिशेब पत्नीच्या नावावर मांडणे हा अन्याय होय. आणि पतीच्या राजवटीला विरोध होता म्हणून पत्नीच्या कृतीचे मोल न जाणणे हा त्याहून मोठा अन्याय. जातिअंताची भाषा रोज बोलणाऱ्या पक्षाने वत्सलाबाईंचे नाव काँग्रेसच्या घरचे म्हणून सोडून दिले, काँग्रेसने त्यांना मुख्यमंत्र्यांच्या घरची लक्ष्मी करून ठेवले, आणि नागपूरच्या ज्या समाजाने १९४१ साली नाके मुरडली त्याला हा विषय निघाला नाही तर बरेच वाटले. तिघांच्या सोयीने एक धाडस विस्मरणात गेले.

महागाव तालुक्यातील दुसरे नाव

आता पुन्हा फुलसावंगीकडे. याच महागाव तालुक्यात चिलगव्हाण नावाचे गाव आहे. तेथील शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी, पवनारजवळच्या दत्तपूर येथे, पत्नी आणि चार मुलांसह जीवनाचा अंत केला. शेतकरी आत्महत्यांच्या इतिहासात ही घटना आरंभबिंदू म्हणून सांगितली जाते आणि दर वर्षी त्या दिवशी अनेक लोक उपवास करून तिचे स्मरण करतात. साहेबरावांचे नाव बहुतेकांना ठाऊक असते. त्यांच्या पत्नीचे नाव मालती होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मुख्यमंत्र्याची पत्नी आणि कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची पत्नी यांच्या आयुष्यात जमीनअस्मानाचे अंतर आहे. एकीला सन्मान मिळाला, दुसरीला मरण. तरीही दोघींच्या बाबतीत समाजाचे गणित एकच आहे. काम दोघांचे आणि नाव एकाचे. फुलसावंगीच्या शिवारात कापूस वेचतात त्या स्त्रिया, निंदण-खुरपण करतात त्या स्त्रिया. सातबाऱ्यावर नाव असते ते बहुधा पुरुषाचे. तो गेला की कर्ज विधवेच्या दारात येते आणि जमीन भावकीच्या वादात जाते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला शेतकरी स्त्रियांचे अधिवेशन भरविले आणि पुढे 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक देऊन पत्नीच्या नावे जमीन करण्याचा आग्रह धरला. शेतकरी संघटनेशी समाजवाद्यांचे अनेक मतभेद असले तरी ही हाक त्यांनी आपली मानायला हवी होती. २०१९ च्या केंद्र सरकारच्या पाहणीत असे आढळले की घरकामात भाग घेणारी स्त्री त्यासाठी रोज सरासरी २९९ मिनिटे देते आणि पुरुष ९७. म्हणजे बिनपगारी पद केवळ मंत्र्याच्या बंगल्यात नाही; ते घरोघरी आहे.

२०२४ साली महाराष्ट्र शासनाने १ मेपासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लावणे सरकारी कागदपत्रांत आवश्यक केले. ही चांगली गोष्ट झाली. पण दाखल्यावर आईचे नाव आणि जमिनीवर फक्त बापाचे, ही तडजोड फार काळ चालू देता येणार नाही.

स्मरणाची किंमत

वत्सलाबाईंच्या स्मरणाला आजच्या राजकारणात एक धार आहे, आणि तीमुळेच हे स्मरण सत्ताधाऱ्यांना सोयीचे वाटणार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांवर लक्ष ठेवणारी एक समन्वय समिती नेमली. टीका झाल्यावर दोनच दिवसांत 'आंतरजातीय' हा शब्द गाळला गेला. आंतरधर्मीय विवाह मात्र देखरेखीखाली राहिले. प्रौढ स्त्री-पुरुषांनी कोणाशी लग्न केले याची चौकशी सरकारने करावी, हा विचार १९४१ सालच्या सनातन्यांना परका वाटला नसता. एका बाजूला शासन आंतरजातीय जोडप्यांना पन्नास हजार रुपयांचे प्रोत्साहन देते आणि दुसऱ्या बाजूला संशयाने पाहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली शक्तिवाहिनी खटल्यात सांगितले की दोन प्रौढांच्या विवाहात खाप पंचायतींना किंवा जमावाला ढवळाढवळ करण्याचा अधिकार नाही, आणि अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत सुरक्षागृहे असावीत. महाराष्ट्रात त्याबाबतचा शासकीय आदेश निघायला, आणि तोही उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर, डिसेंबर २०२४ उजाडला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा राज्यात २०१७ पासून आहे. गावपातळीवरच्या पोलिसाला तो माहीत असतो का, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या ठाण्यात जाऊन विचारावा.

या पार्श्वभूमीवर वत्सलाबाईंचे स्मरण करायचे तर ते तीन कामांनी करता येईल. यवतमाळ जिल्ह्यातील सुरक्षागृह कागदावर न राहता त्याचा पत्ता आणि दूरध्वनी प्रत्येक महाविद्यालयाच्या फलकावर असला पाहिजे; पुसदच्या महिला महाविद्यालयाच्या फलकावर तर सर्वांत आधी. फुलसावंगीसह महागाव आणि पुसद तालुक्यांतील ग्रामसभांनी घराच्या व शेतीच्या उताऱ्यावर पती-पत्नी दोघांची नावे लावण्याचे ठराव करून तहसीलदारांकडे त्यांचा पाठपुरावा केला पाहिजे. आणि १ जुलैच्या कृषी दिनाला वसंतरावांच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या वक्त्याने, शेतीविषयी बोलून झाल्यावर, १९४१ सालच्या त्या विवाहाविषयीही बोलले पाहिजे. तांड्यातील एका मुलाने आणि नागपूरच्या एका मुलीने शास्त्र, समाज आणि अपुऱ्या कायद्याला न जुमानता जे केले, ते संकरित ज्वारीइतकेच या राज्याच्या घडणीचा भाग आहे.

जात ओलांडून लग्न करणारी एखादी मुलगी आज पैनगंगेच्या खोऱ्यातील कोणत्याही गावात असू शकते. तिच्या घरचे दार बंद झाले तर तिच्या पाठीशी कोण उभे राहणार, याचे उत्तर देता येत नसेल तर वत्सलाबाईंच्या नावाची पाटी रंगविण्यात काही अर्थ नाही. समाजवादी कार्यकर्त्यांनी हे उत्तर आधी आपल्या घरापासून द्यावे, आणि मग सरकारला विचारावे.